स्पोर्ट्स कार नवी, हादरे आणि आवाज मात्र जुन्या एसटीसारखे: सुरुवात कुठून करावी?

नवा_कूपेवाला
दोन दारांची कूपे, सहा सिलिंडर, ताकद मागच्या चाकांना. ९०० किमी झाले आहेत. टायर पुढे २४५/३५ आर१९, मागे २६५/३५ आर१९ (रुंदी मिमीत, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत), चारही रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे. शॉक अ‍ॅबसॉर्बर साधे, बटणाने मऊ-कडक होणारे नाहीत.

तक्रारी अशा. रस्त्यातल्या बारीक जोडावरूनही ठोका थेट मणक्यात बसतो. खरबरीत डांबरावर ८० च्या पुढे सतत 'वूंऽऽ' चालू असतं, रस्ता गुळगुळीत झाला की एकदम गायब. १०० च्या पुढे माझ्या बाजूच्या काचेपाशी शिट्टी वाजते. सहाव्या गिअरला २००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आसपास कानात दडे बसल्यासारखी घुमी येते. आणि पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवलं की पुढची चाकं टुणटुण उड्या मारतात.

टायर बदलू, मऊ स्प्रिंग टाकू, की आतून डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर मारणारी) मारून घेऊ? पैसे एकदाच खर्च करायचे आहेत.

हवाबाण
तिन्ही नको. आधी हवा बघा.

कारखान्यातून गाडी निघते तेव्हा टायरमध्ये मुद्दाम जास्त हवा असते. जहाजात किंवा ट्रेलरवर आठवडेच्या आठवडे एकाच जागी उभी राहून टायर चपटे पडू नयेत म्हणून. डिलिव्हरीआधी ती उतरवायची असते, आणि नेमकं तेच काम राहून जातं. दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, त्यावरचा आकडा हाच खरा. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, तो भरायचा नसतो.

मोजायची ती गाडी किमान तीन तास उभी असताना, उन्हात नको. चालवून आल्यावर ३-४ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) जास्तच दिसतात. ते बघून हवा काढलीत तर सकाळी कमी भरेल. तापमान १० अंश सेल्सिअसने बदललं की या दाबाला साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो, म्हणून ऋतू पालटला की पुन्हा मोजा. पंपावरच्या गेजवर विसंबू नका, स्वतःचा ठेवा.

स्टिकरवर बहुधा दोन ओळी असतात, एक कमी वजनाची आणि एक पूर्ण भार किंवा सतत जास्त वेगासाठी. दोन माणसं आणि एक बॅग असेल तर पहिली ओळ. तिच्या खाली मात्र जाऊ नका. मऊ लागेल म्हणून ४ पीएसआय कमी केले की टायर कडांनी झिजतो, तापतो, आणि कमी उंचीच्या टायरची रिम खड्ड्यात वाकते.

नवा_कूपेवाला
आत्ताच मोजली, गाडी रात्रभर उभी होती. पुढे ४२, मागे ४३. स्टिकरवर ३२ आणि ३४. 😐

हवाबाण
मग निम्मा ठोका इथेच सापडला. उतरवा, डॅशबोर्डच्या मेनूतून टायरप्रेशरची यंत्रणा रीसेट करा (नाहीतर ती जुन्या दाबाशी तुलना करत बसेल), आणि २०० किमी चालवून मग पुढचं बोला.

नटबोल्ट
हवा विसरणाऱ्याने आणखी एक गोष्ट विसरलेली असू शकते. काही गाड्यांच्या स्प्रिंगमध्ये वाहतुकीसाठी प्लास्टिकचे, रबराचे किंवा धातूचे ठोकळे घालून पाठवतात, म्हणजे ट्रेलरवर गाडी डुलत नाही आणि खाली टेकत नाही. तेही डिलिव्हरीआधी काढायचे असतात. राहिले तर त्या स्प्रिंगचे काही वेढे दबतच नाहीत आणि गाडी बैलगाडीसारखी चालते.

तपासायला जॅक लागत नाही. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून मोबाइलच्या टॉर्चने चाकामागे स्प्रिंग बघा. वेढ्यांच्या मध्ये काहीही अडकलेलं दिसता कामा नये. खाली-वर बसलेलं रबराचं पॅड चालतं, ते मूळचंच असतं. मागची स्प्रिंग काही मॉडेलमध्ये दिसत नाही, ती सर्व्हिसला लिफ्टवर बघून घ्या आणि जॉबकार्डावर लिहून घ्या.

मऊ स्प्रिंगबद्दल. साध्या सेडानची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला एक-सव्वा वेळा हिंदकळते, स्पोर्ट्स कारची दीड ते दोन वेळा. तुम्हाला जो 'टक्' बसतोय तो या हिंदकळण्याचा नाहीच. बारीक जोडावरून जाताना स्प्रिंग जेमतेम दबते. तो धक्का येतो टायरच्या कडक भिंतीतून, शॉकच्या झटपट दाबाच्या व्हॉल्व्हिंगमधून (आतल्या तेलाच्या झडपांतून) आणि बुशमधून (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरातून). स्प्रिंग मऊ केली तर गाडी लाटांवर डुलायला लागेल, मोठ्या खड्ड्यात बंपस्टॉपवर (शेवटच्या रबरी अडथळ्यावर) आदळेल, आणि बारीक ठोका तिथल्या तिथेच राहील. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्प्रिंग गाडी खाली बसवणाऱ्या असतात, त्याने तर उरलेली जागाही जाते. स्प्रिंग कापून देणारा भेटला तर नमस्कार करून निघा.

तिसरा_गिअर
रनफ्लॅट काढा. तुमचा ठोका आणि 'वूंऽऽ' या दोन्हींतला मोठा वाटा त्यांचा आहे.

हवा गेल्यावरही गाडीचं वजन पेलावं म्हणून रनफ्लॅटच्या भिंतीत जाड रबर भरलेलं असतं. साधारण ८० किमी अंतर, ताशी ८० पर्यंत, एवढी त्याची सोय. बाकीच्या सगळ्या दिवशी ती भिंत वाकायला नाखूश, आणि टायर जडही. चाकाकडचं प्रत्येक किलो शॉकला आवरावं लागतं.

शिवाय १९ इंची रिमवरून १८ इंचीवर या. पुढे २४५/४० आर१८, मागे २६५/४० आर१८. हिशेब करून बघा: पुढची भिंत ८६ मिमीची ९८ होते, आणि चाकाचा एकूण व्यास ६५४ वरून ६५३ मिमी. मागे ६६८ चा ६६९. म्हणजे स्पीडोमीटर, एबीएस, गिअरिंग कशालाच पत्ता लागत नाही, आणि मधे १२ मिमी जास्तीची हवेची उशी मिळते.

पाना१३
रनफ्लॅट काढण्याला पूर्ण पाठिंबा, १८ ला अर्धाच.

१८ ची रिम ब्रेकच्या कॅलिपरवरून जाते का हे आधी बघा. मोठ्या ब्रेकचं पॅकेज असेल तर बऱ्याचदा जात नाही. नुसता रिमचा व्यास पुरत नाही, आऱ्यांचा आतला बाकही कॅलिपरला लागतो. बोल्टचं वर्तुळ, ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते) आणि हबचं भोक तिन्ही जुळायला हवं. भोक मोठं असेल तर मापाची रिंग घाला, नाहीतर रिम फक्त बोल्टांवर टांगली जाते आणि ९०-११० ला थरथर सुरू होते; मग बॅलन्सिंग करून करून लोक थकतात. टायरचा लोड इंडेक्स (किती वजन पेलतो तो आकडा) आणि कमाल वेगाचं अक्षर मूळपेक्षा खाली नको. रिम बदलल्यावर ५०-१०० किमीने बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, आकडा मॅन्युअलमधला.

आणि स्टीअरिंग थोडं मंद होणारच. उंच भिंत वळणात आधी वाकते, मग गाडी वळते. ज्या गोष्टीसाठी ही गाडी घेतली तीच विकून आराम घ्यायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते १९ वरच साधे टायर घाला. सुरुवातीला तेवढ्याने भागतं.

तिसरा_गिअर
ट्रॅकवर जाणाऱ्यासाठी मान्य. पण ऑफिसच्या रस्त्यावर स्टीअरिंगचा तो शेवटचा पाच टक्के कुणाला कळतो? खड्ड्यात वाकलेली रिम मात्र सगळ्यांना कळते.

नवा_कूपेवाला
साधे टायर घातले आणि पंक्चर झालं तर? स्टेपनी नाहीच, डिकीत तिच्यासाठी जागाही नाही.

पाना१३
पंक्चर किट ठेवा: १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि सीलंटची बाटली. बाटलीवर मुदत असते, ती बघून बदला. सीलंट ट्रेडमधल्या (रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या) बारीक भोकालाच चालतं, भिंत फाटली तर टोइंगच. कमी उंचीचा टायर खड्ड्यात बहुतेक वेळा भिंतीलाच फाटतो, हे धरून चाला. चार टायर एकदमच बदला. एका अ‍ॅक्सलवर रनफ्लॅट आणि दुसऱ्यावर साधे अशी खिचडी नको, वळणात गाडीचं पुढचं आणि मागचं टोक वेगळं वागतं. टायरप्रेशरची यंत्रणा चालू हवीच. वॉरंटी आणि विम्याच्या कागदात टायरच्या प्रकाराबद्दल काही अट आहे का, तेही आधी वाचा.

डेसिबल
आवाजावर आता सविस्तर, कारण इथे 'शांत टायर' म्हणून भलतंच विकलं जातं.

युरोपीय टायर लेबलवर जो डेसिबलचा आकडा आणि ए-बी-सी दर्जा असतो तो गाडीबाहेरचा आवाज आहे. इंजिन बंद करून गाडी ८० च्या वेगाने घरंगळत नेतात आणि ७.५ मीटरवरच्या मायक्रोफोनने मोजतात. तुमच्या कानाशी काय येतं ते त्यात नाही. बाहेर ६९ असलेला टायर आत ७२ वाल्यापेक्षा जास्त घुमू शकतो. लेबल बघा, पण तेवढ्यावर विकत घेऊ नका.

आत येणारा आवाज दोन वाटांनी येतो. एक हवेतून: ट्रेडच्या खाचांची सळसळ, चाकाच्या कमानीतून आणि डिकीतून आत. ही वाट पॅडिंगने अडते. दुसरी सांगाड्यातून: रस्त्याचा खरखरीतपणा टायर, बुश, सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी चौकट) असा प्रवास करत फरशी थरथरवतो. तुमचा 'वूंऽऽ' रस्ता बदलताच बंद होतो, म्हणजे बराचसा दुसऱ्या वाटेचा. त्यातही एक स्वर ठरलेला असतो: टायरच्या आत कोंडलेली हवा गोल फिरून स्वतःशीच घुमते. १९ इंची टायरच्या पोकळीचा मधला घेर काढला तर १.७८ मीटर येतो, आवाजाचा वेग ३४३ मीटर, म्हणजे साधारण १९० हर्ट्झ. जोडावरून जाताना 'टंग्' अशी रिकाम्या डब्यासारखी शेपटी ऐकू येते ती हीच.

यावर इलाज म्हणजे आतून फोम चिकटवलेले टायर. तो स्वर ते खरंच दाबतात, ट्रेडच्या सळसळीला मात्र त्यांचा उपयोग नाही. पंक्चरवाल्याला आधी सांगा: भोकाभोवतीचा फोम कापून काढल्याशिवाय आतून पॅच बसत नाही. सीलंटही त्या टायरला चालणारंच घ्या.

खुट्ट
नव्या गाडीत टायर झिजून होणारा आवाज अजून नाही, पण पुढे येईल म्हणून आत्ताच. टो (चाकं समोरून आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) बिघडला की ट्रेडचे ठोकळे एका बाजूने धारदार होतात. तळहात टायरवरून आडवा फिरवा: एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखा लागला तर अलाइनमेंट गेलं आहे. एकदा असा झिजलेला टायर अलाइनमेंट करूनही लगेच गप्प होत नाही. तुमचे पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे, त्यामुळे पुढचे मागे फिरवता येत नाहीत. असिमेट्रिक (आतली-बाहेरची बाजू वेगळी) असतील तर डावे-उजवे बदलता येतात, बाणवाले (एकाच दिशेने फिरणारे) असतील तर रिमवरून उतरवून. नवे बसवताना 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर आहे ना, ते स्वतः चारही चाकांवर बघा. उलटी बसवलेली वाटतं त्यापेक्षा जास्त सापडतात.

व्हील बेअरिंगची घरघर रस्ता बदलला तरी बदलत नाही. मोठ्या उजव्या वळणात वाढली तर डावीकडचं बेअरिंग, कारण वजन तिकडे जातं. डाव्या वळणात वाढली तर उजवीकडचं.

नवा_कूपेवाला
हवा ३२/३४ केली. ठोका बराच बोथट झाला, 'वूंऽऽ' थोडासाच कमी. स्प्रिंगमध्ये पुढे काही अडकलेलं नाही. ती शिट्टी, घुमी आणि उड्या?

नटबोल्ट
उड्या हा दोष नाही. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं. वेगात वळणासाठी जुळवलेल्या भूमितीत ते पूर्ण स्टीअरिंगला तितकं वळत नाही, म्हणून एक टायर आडवा ओढला जातो. रुंद आणि चिकट टायर जमीन सोडत नाही, पीळ साठवतो आणि मग एकदम सुटतो, टुण्. टायर थंड असताना जास्त. ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर ताठ होतं तेव्हा सर्वांत वाईट. स्टीअरिंग शेवटच्या टोकापासून थोडं आधी थांबवा आणि चाकं फिरत असतानाच वळवा, एवढंच. कटकट मागून येत असेल आणि गाडीला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक गरगरू न देणारं) असेल तर गोष्ट वेगळी. तिथे क्लचपट्ट्या अडकून सुटतात, आणि कंपनीने सांगितलेलं तेल व फ्रिक्शन मॉडिफायर बरोबर प्रमाणात आहे का ते बघावं लागतं.

तिसरा_गिअर
घुमीसाठी एक प्रश्न: ड्राइव्ह मोड कोणता?

नवा_कूपेवाला
स्पोर्ट. कायम. 🙂 सायलेन्सर कंपनीचाच आहे, झडपवाला.

तिसरा_गिअर
मग घुमी विकत घेतलेली आहे, राव. स्पोर्टमध्ये सायलेन्सरची झडप उघडी राहते. सहा सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात तीनदा पेटतं. २००० आरपीएमला सेकंदाला १०० ठोके. १०० हर्ट्झला लहान केबिन आणि मागची काच छान साथ देतात. हमरस्त्यावर नॉर्मल मोड ठेवा, किंवा इंडिव्हिज्युअल (स्वतः जुळवायच्या) मोडमध्ये स्टीअरिंग स्पोर्ट आणि सायलेन्सर शांत असं मांडून ठेवा. जमत नसेल तर पाचवा गिअर. बऱ्याच गाड्यांत स्पीकरमधूनही इंजिनाचा आवाज सोडतात. तोही त्याच मेनूत कमी होतो.

डेसिबल
बाहेरचा सायलेन्सर बसवलेल्या वाचकांसाठी जोड. घुमी एकाच आरपीएमच्या आसपास असेल तर बंद टोकाची आडनळी, जिला जे-पाइप म्हणतात, ती कामाची. लांबी = आवाजाचा वेग भागिले चारपट वारंवारता. तापलेल्या धुरात आवाजाचा वेग ४५० ते ५०० मीटर धरा. १०० हर्ट्झसाठी १.१ ते १.२५ मीटर नळी. लांबी काढायला वेग ३४३ घेतला की नळी आखूड होते आणि घुमी जागची हलत नाही, ही नेहमीची चूक. थोडी लांब करून मग कापत या. कापलेली परत जोडण्यापेक्षा ते सोपं.

खुट्ट
शिट्टी. तुमच्या दाराला चौकट नसेल, काच नुसतीच असेल, तर दार उघडताना काच सेंटिमीटरभर खाली येते आणि बंद केल्यावर वर रबरात शिरते. बॅटरी काढली-जोडली की ती आपली वरची जागा विसरते. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण खाली नेऊन बटण काही सेकंद धरायचं, मग पूर्ण वर नेऊन तसंच. नेमकी पद्धत मॅन्युअलमध्ये.

तेवढ्याने गेली नाही तर पेंटरची कागदी चिकटपट्टी घ्या. आरशाचा बुडखा, काचेची पुढची कड, दाराची वरची फट, सगळं बाहेरून बंद करा आणि १०० ने चालवा. शिट्टी गेली तर एकेक पट्टी काढत पुन्हा चालवा. जी काढल्यावर परत आली तीच जागा. मग तिथल्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर दाब कमी आहे, काचेचं अ‍ॅडजस्टमेंट डीलरकडे, वॉरंटीत. रबर सौम्य साबणाने पुसून सिलिकॉनचा पातळ हात द्या. ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली नको, रबर फुगतं.

नवा_कूपेवाला
राहिली डॅम्पिंग शीट. दुकानदार 'पूर्ण गाडी गुंडाळून देतो' म्हणतोय.

डेसिबल
गुंडाळणं म्हणजे वजन विकणं. २ मिमी ब्युटाइल-अ‍ॅल्युमिनियम शीट चौरस मीटरला ३ ते ४ किलो भरते. तिचं काम आवाज अडवणं नाही, पत्र्याची थरथर मारणं आहे. त्यासाठी पत्र्याचा मधला २५ ते ४० टक्के भाग पुरतो. कडा आधीच ताठ असतात. बोटाच्या पेराने वाजवा: 'टण्' आलं तिथे लावा, 'टक्' आलं ते सोडा.

क्रम माझ्या मते मागच्या चाकांच्या कमानी, डिकीची फरशी, मग दारं. छताला हात लावू नका. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, २० अंशांच्या वरच्या तापमानात लावा, रोलरने अ‍ॅल्युमिनियमवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबा. हवा अडकली तर शीट फक्त ओझं. त्यावर बंद पेशींचा फोम, आणि फरशीला हवा तर जड व्हिनाइलचा थर. तोच खरा हवेतला आवाज अडवतो, पण फटी ठेवल्या तर व्यर्थ. डांबरी शीट स्वस्त असते, उन्हात वास मारते आणि ओघळते.

दारात पाणी वाहून जायची भोकं बुजवू नका. काही गाड्यांत दारातच साइड एअरबॅगचा दाबाचा सेन्सर असतो. त्याच्या आसपास शीट लावली किंवा मूळचा पडदा फाडून ठेवला तर अपघातात एअरबॅग उशिरा उघडण्याचा धोका. प्लास्टिकचे क्लिप आधीच जास्तीचे आणून ठेवा, निम्मे तुटतात आणि मग शांत केलेलं दारच खडखडतं.

आधी आणि नंतर मोजा. मोबाइलचं अ‍ॅप चालेल, कारण आपल्याला फक्त फरक हवा. तोच रस्ता, तोच वेग, फोन त्याच जागी, पंखा बंद, तीन वेळा. ३ डेसिबल कमी झाले तर काम झालं म्हणा.

पाना१३
आणि हे सगळं टायर बदलल्यानंतर. आधी शीट मारली तर कशाने किती फरक पडला ते कधीच कळणार नाही.

नवा_कूपेवाला
ठरलं: मोड बदलला, काच रीसेट करतो, १९ वरच साधे टायर. तुमच्या वादात पडत नाही. एक राहिलं: सकाळी रिव्हर्स घेताना ब्रेक 'कूंऽऽ' करतात.

नटबोल्ट
रात्रीच्या दमटपणाने डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो, दोन-तीन ब्रेकात पुसला जातो. दिवसभर कुंथत असतील तर पॅड नीट बसलेले नाहीत. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवा, प्रत्येक वेळी मधे अर्धा-एक किलोमीटर हवेत थंड होऊ द्या, एबीएस लागू देऊ नका. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवा. तापलेल्या डिस्कवर पॅडल दाबून उभं राहायचं नाही, हँडब्रेकही नाही. पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि मग पॅडलमध्ये थरथर येते. तरी आवाज राहिला तर पॅडच्या मागची शिम (पातळ पत्री) आणि पॅडच्या दोन्ही टोकांच्या कानांवरचं ब्रेक ग्रीस बघायला सांगा. घासणाऱ्या बाजूला ग्रीसचा थेंबही लागता कामा नये.